दर्यात गेलेला राजवाडा

धर्माजी सावे दिवसा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर पिंपांवर आकडे रंगवायचा आणि उरलेला वेळ आमचा जीव खायचा. सहासष्ट साली आम्ही पाच-सहा जणांनी बोईसरला हौशी नाटक मंडळ काढलं होतं. मी राजा, कारण मुकुट फक्त माझ्याच डोक्यावर बसत होता.

राजवाड्याचा पडदा रंगवायला धर्माजीला मोठं कापड हवं होतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून त्यानं नवापूरच्या हिराजी तांडेलाकडून होडीचं शीड मागून आणलं.

"नारली पुनवेला परत दे," एवढीच हिराजीची अट.

शीड तिकोनी. राजवाडा एका बाजूला भव्य आणि दुसऱ्या बाजूला कोंबड्यांच्या खुराड्याएवढा झाला. वर धर्माजी मलाच दटावतो, "राजानं रुंद बाजूलाच राहायचं!"

तालमी रेंगाळल्या आणि प्रयोग गणपतीवर गेला. नारळी पौर्णिमेला हिराजी ठरल्याप्रमाणे आला, शीड गुंडाळून घेऊन गेला. धर्माजी त्याच्यामागे धावत होता, "सरळ बांधा हो, खांब उलटे दिसतील!"

शेवटी नवापूरच्या गणपतीच्या मांडवात, भर दुपारी, आम्ही कोऱ्या भिंतीपुढं उभे राहिलो. मोहिमेवरून परतलेला मी तलवार उपसून गरजलो, "आमच्या राजवाड्याला झालं आहे तरी काय?"

पहिल्या रांगेतून हिराजीची बायको म्हणाली, "काय नाय झालं, महाराज! दर्यात गेलाय, सांजला येल."

त्या प्रयोगातली एकुलती एक टाळी त्या वाक्याला पडली, आणि धर्माजी विंगेतून येऊन वाकून नमस्कार करून गेला.