धुरातून आलेला शब्द

गुजराती मुलखातल्या अकोट्यात मृदुलाताईंना सगळे 'फ्रेंचवाल्या बाई' म्हणत. तीस वर्षं त्यांनी घरी शिकवण्या घेतल्या आणि प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी एकच शब्द शिकवला, 'पार्फं', म्हणजे सुगंध. फळ्यावर त्याचा सगळा गोतावळा मांडत. इटालियनांचा प्रोफूमो, स्पॅनिशांचा पेरफुमे, जर्मनांचा पारफ्युम, पोलिशांचा पेरफुमी. सगळ्यांचं मूळ घर लॅटिन. तिथे 'पेर' म्हणजे मधून आणि 'फूमुस' म्हणजे धूर. सुगंध आधी बाटलीतून नाही, धूप जाळून धुरातून आला. "आणि हा फूमुस आपल्या संस्कृत धूमाचा सख्खा भाऊ बरं का!" हे सांगताना बाईंची मान अशी ताठ व्हायची, की जणू हे नातं त्यांनीच शोधून काढलंय.

मग आतल्या खोलीतून त्यांचे यजमान रमाकांतराव, रेल्वेतले फोरमन, ओरडत, "मृदुला, आमच्या डिझेल इंजिनालाही पार्फं म्हणायला सांग त्यांना!" मुलं खिदळत, बाई लटक्या रागावत. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची त्यांची ही खोड लग्नापासूनची. सासूबाईंना ती मुळीच खपत नसे, आणि बोलणी मात्र सुनेला बसत.

गेल्या तीन वर्षांत रमाकांतरावांची आठवण विरत गेली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. दिवाळीनंतर ते बायकोलाही ओळखेनात. रोज सकाळी हात जोडून गुजरातीत "केम छो, बेन?" म्हणत, घरी आलेल्या नर्सला म्हणावं तसं अगदी अदबीनं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मृदुलाताई 'बेन', म्हणजे ताई, झाल्या होत्या. बरे होणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बाईंना फक्त एकदा आपल्या नावाची हाक ऐकायची होती.

वासानं कधीकधी जुनं जागं होतं, असं डॉक्टर सहज बोलून गेले. झालं, बाई अत्तरांच्या मागे लागल्या. मोगरा, केवडा, वाळा, मुलीनं परदेशातून पाठवलेली महागडी बाटलीही. रमाकांतराव हुंगत आणि म्हणत, "सारुं छे, बेन."

आणि एका दुपारी ऑनलाइन तासाला त्या नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "सुगंध आधी बाटलीतून नाही," आणि तिथेच थांबल्या. जन्मभर लोकांना धूर शिकवणारी बाई तीन महिने नवऱ्याला बाटल्या हुंगवत बसली होती! बाळंतपणात सासूबाई रोज त्यांच्या ओल्या केसांना धुरी देत. पेटत्या निखाऱ्यांवर ऊद टाकून वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर केस पसरायचे. मुलगी झाली तेव्हा सव्वा महिना सगळं घर त्या वासानं भरलेलं असे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लहरीपुऱ्याच्या बाजारातून ऊद आणला. माळ्यावरून धुपाटणं काढलं, करवंट्या पेटवून निखारे केले, न्हाऊन आल्या, निखाऱ्यांवर ऊद टाकून टोपली पालथी घातली आणि पांढरे, विरळ झालेले केस टोपलीवर पसरून जमिनीवर बसल्या. धूर टोपलीतून वर आला आणि खोलीभर पसरला.

गॅलरीत बसलेले रमाकांतराव उठून दारात आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आई," ते म्हणाले.

मृदुलाताईंनी टोपलीवरून मान वर केली. रमाकांतराव हळूच त्यांच्याजवळ येऊन बसले, त्यांचा पदर मुठीत धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आई, मृदुलाला बोलू नकोस गं. हाक मी मारतो, तिची काय चूक?"

नाव आलं होतं. पण ते त्यांच्यासाठी नव्हतं. 'अहो, मीच ती' हे शब्द बाईंच्या अगदी ओठावर आले. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर आज कितीतरी महिन्यांनी घरी असल्याचा भाव होता. तो मोडायचा त्यांना धीर झाला नाही.

"नाही रे बोलत," त्या म्हणाल्या.

"जेवली का ती?"

"जेवली."

रमाकांतरावांनी समाधानानं मान हलवली. मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत म्हणाले, "मग बोलव ना तिला बाहेर. केव्हाची दिसली नाही."