सत्यनारायणाला गेलेले अंक

टेबलावर प्रोजेक्टर होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, खोकं मात्र नव्हतं. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि पुढचं सगळं सेशन त्या खोक्यातल्या वस्तूवरच होतं.

मी मुलुंडच्या एका अभ्यास संस्थेत प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे विद्वान बोलतात आणि माइक, चहा, खोल्या, पंखे मी बघते. दर मे महिन्यात आमचा उन्हाळी अभ्यासवर्ग असतो, विषय 'धर्मसुधारणा आणि साहित्य'. ठिकठिकाणचे प्राध्यापक येतात, जुने मजकूर एकत्र वाचतात आणि मनसोक्त भांडतात. आमची जागा लहान, म्हणून शेजारच्या ट्रस्टचा तळमजल्याचा हॉल भाड्याने घेतो.

खोक्यात भांडुपच्या नाईक सरांचे बांधीव अंक होते. बांधीव अंक म्हणजे मासिकाचे सुटे अंक एकत्र शिवून केलेला जाड ठोकळा. सरांच्या पणजोबांनी हे सुधारकी मासिक चालवलं होतं, मूर्तिपूजेवर तुटून पडणारं. दुसरी प्रत कुठेही नाही. किती दिवस मागे लागले तेव्हा कुठे सरांनी माझ्या शब्दावर ते आणू दिलं होतं. आणि या सेशनला ते स्वतः यायचे होते!

मी धावत जाऊन वॉचमनला गाठलं.

"ते खोकं? सकाळीच वर नेलं ना मॅडम, पूजावाल्यांनी."

"कसली पूजा?"

"पहिल्या मजल्यावर सत्यनारायण आहे. गुरुजींचा माणूस आला, म्हणाला साहित्य आलं का? खोक्यावर लिहिलेलंच होतं."

लिहिलेलं होतं खरं. आमच्या डायरेक्टरांना सगळं मराठीतच लागतं. त्यांनी स्वतः जाड मार्करने लिहिलं होतं, 'धर्म व साहित्य'. नारळ, सुपारी, कापूर यांनाही आपण साहित्यच म्हणतो, हे त्यांच्या कुठून लक्षात येणार!

वर उत्तरपूजाही उरकून पंगत बसली होती. यजमानीण परबबाई वाढत होत्या. मी खोक्याचं विचारलं.

"अगं बाई, ती पोथी तुमची? आम्हाला वाटलं गुरुजींची, पण जाताना ते म्हणाले, माझी नाही."

"पोथी नाही हो, मासिक आहे ते."

कोपऱ्यातून त्यांचे सासरे म्हणाले, "मासिक खयचा? पोथीच ती, जीर्ण झालेली. रद्दीत कशी टाकतलंय? निर्माल्यावांगडा विसर्जनाक दिलंय."

"कोणाकडे दिलंत?"

"माझ्या दिराकडे," परबबाई म्हणाल्या. "आत्ताच खाली गेले. खाडीवर निघालेत."

मी चप्पल न घालता जिना उतरले. दीर स्कूटर चालू करून बसले होते, हँडलला निर्माल्याची पिशवी.

"थांबा! विसर्जन करू नका!"

बिचारे घाबरून उतरलेच. पिशवी सीटवर रिकामी केली. झेंडू, तुळस, विड्याची पानं, आणि तळाशी नव्या लाल ब्लाउज पीसमध्ये नीट गुंडाळलेले अंक. एक पान भिजलेलं नाही, एक फाटलेलं नाही. जीव भांड्यात पडला. मी चक्क हसायला लागले.

"एवढं काय आहे यात?" दिरांनी विचारलं.

"असल्या पूजा करू नका, असं लिहिलंय."

"च्यायला! आणि आम्ही याचीच पूजा केली?"

केलीच होती. मुखपृष्ठावर हळदकुंकवाची ठसठशीत बोटं होती.

हॉलच्या दारात डायरेक्टर हळूच म्हणाले, "नाईकांना सांगायलाच हवं का?"

"दिसतंय ते, सर."

नाईक सर आले. मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी कुंकवावरून बोट फिरवलं, बोटाला रंग लागला का ते बघितलं.

"आमच्या घरी हे माळ्यावर पडलं होतं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी दोनदा रद्दीवाल्याला बोलावलं होतं. या लोकांनी निदान नवं कापड तरी गुंडाळलं."

सेशन झकास झालं. अर्धा वेळ प्राध्यापक त्या कुंकवावरच भांडले. जाताना सरांनी अंक स्कॅनिंगसाठी आमच्याकडे ठेवले. मी ओल्या कापडाने डाग टिपून घेऊ का, असं विचारलं, तर नको म्हणाले.

या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. जुन्या कागदाला रद्दी समजणारा जितका धोक्याचा, तितकाच त्याला पोथी समजणारा. पण पोथी समजणाऱ्याच्या मागे धावायला थोडा तरी वेळ मिळतो.