शेषरावांच्या ओट्याखालची गुडगुड

गवंडी घण घेऊन ओसरीवर बसला होता. चहा पीत होता, म्हणजे तशी घाई नव्हती. पण घण मांडीजवळच होता. मी सायकल भिंतीला टेकवली, तेवढ्यात आतून भागीरथीमायचा आवाज आला, "आला का नळवाला? ये. तुह्या डोळ्यादेखत फोडू. मांगून बोलू नको."

फोडायचा होता स्वयंपाकघरातला ओटा. त्यातलं सिंक मी बसवलं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी मुंबईत एका सॅनिटरी कंत्राटदाराकडे काम शिकून खामगावला दुकान टाकलं होतं. कामं यायची ती हापशाचे वायसर बदलण्याची, नाहीतर गळक्या तोट्यांची. पिंपळगाव राजा गावचे शेषराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मिस्तरी, उभ्यानं भांडे घासता येईन असं काही करून द्या." मला गिऱ्हाईक नव्हे, देवच भेटला.

शेषराव भाजीपाल्याचे मोठे बागाईतदार. वांगी, मिरची, कांदा. विहिरीवर मोटार बसलेली, नवं घर बांधलेलं, गच्चीवर सिमेंटची टाकी. पण उभ्यानं काम करायची हौस त्यांना नव्हती. त्यांची बायको सिंधूवहिनी बैलगाडीतून पडली होती. खुब्याचं हाड वाकडं जुळलं. उभं राहता यायचं, चालता यायचं, पण खाली बसलं की दोघांनी धरून उठवावं लागे. चूल खाली, मोरी खाली, पाटा खाली. बाईनं करायचं काय? स्वयंपाक हळूहळू धाकट्या जावेकडे गेला आणि वहिनी आपल्याच घरात पाहुणीसारखी खाटेवर बसू लागली. शेषरावांना ते बघवत नव्हतं.

शेषरावांच्या आईला, भागीरथीमायला, मात्र ओटा पसंत नव्हता. "चुलीच्या बाजूले मोरी? उष्टं पानी अन्नाजवळ?" शेवटी लेकाच्या हट्टापुढे ती नमली, पण अट घालून. "वास आला, का त्याच दिवशी फोडीन."

म्हणून मी या कामात जीव ओतला होता. दिसायला काम साधं. सिंकचं पाणी भिंतीबाहेर न्यायचं आणि परसातल्या झाकलेल्या शोषखड्ड्यात सोडायचं. पण जिथे पाणी जातं तिथून वासही परत येतो. त्याला अडवायला सिंकखाली ट्रॅप असतो. ट्रॅप म्हणजे पाइपाला दिलेलं वळण. त्यात ओंजळ-दोन ओंजळ पाणी कायम साठून राहतं आणि ते पाणीच वासाला बूच होतं. आता घराचं जोतं उंच, त्यामुळे पाइप भिंतीबाहेर गेला की एकदम खाली उतरत होता. अशा उतारावर पाणी धावत सुटलं की मागे ओढ लावतं आणि ट्रॅपमधलं पाणीही सोबत घेऊन जातं. बूच गेलं, वास आला. म्हणून ट्रॅपच्या पुढेच त्या पाइपाला आणखी एक पाइप जोडून तो सरळ गच्चीच्या वर नेतात. त्याला व्हेंट म्हणतात. त्यातून हवा आत येते, ट्रॅप रिकामा होत नाही, आणि खड्ड्यातली घाण हवा वरच्यावर निघून जाते.

तो पाइप लावताना शेषरावांनी विचारलं होतं, "मिस्तरी, पानी काय वर चढते?"

"पाण्यासाठी नाही, भाऊ. हवेसाठी."

"अस्सं," म्हणून त्यांनी मान हलवली. विषय तिथेच संपला. मी पाइपाच्या तोंडाला चिमण्यांसाठी तारेची जाळी बांधली आणि आलो.

दिवाळीपासून सगळं ठीक चाललं होतं. वहिनी सकाळी ओट्याशी उभी राहायची ती दुपारी हलायची. आणि आता हा निरोप: वास येतो, ओटा फोडतो, ये.

"कधीपासून वास येतो?" मी विचारलं.

"चैताच्या पाडव्यापासून," शेषराव म्हणाले. त्यांचं तोंड उतरलं होतं. "त्या दिवशी पाहुने होते. पुरणाचे भांडे निघाले, अन् खालून गुडगुड आवाज सुरू झाला. संध्याकाळी वास. तवापासून रोज वाढूनच राह्यला."

"सणावारी घरात नरक आणला," माय म्हणाली.

वहिनी दाराशी उभी होती. ती फक्त एवढंच बोलली, "पाहा ना भाऊ काही. हे गेलं तं मी पुन्हा खाटेवर."  बाई रडली असती तर बरं, पण ती रडतही नव्हती.

मी ओट्याखाली शिरलो. वास खरोखर होता, आणि ओळखीचा होता, खड्ड्याचा. पहिला संशय राखेवर गेला. आपल्याकडे भांडी राखेनं घासतात. राख ट्रॅपच्या तळाशी बसते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. मी ट्रॅपखालची चकती सोडली. मूठभर राख निघाली, डाळीचे चार दाणे निघाले. तुंबण्याइतकं काही नव्हतं. पण एक गोष्ट खटकली. खाली बालदी ठेवली होती, तिच्यात पाणी पडलंच नाही. ट्रॅप कोरडा ठणठणीत.

"वहिनी, आज भांडी घासली का?"

"आत्ताच तं घासली."

आत्ता घासली आणि ट्रॅप कोरडा! चकती लावली आणि वहिनीला म्हटलं, बालदीभर पाणी एकदम ओता. पाणी गेलं. जाताना शेवटी असा आवाज आला, की माय दोन पावलं मागे सरली. चकती पुन्हा उघडली. पुन्हा कोरडा. पाणी गेलं होतं आणि बूचही घेऊन गेलं होतं. म्हणजे वरून हवा येत नव्हती.

"गच्चीवर जातो," मी म्हणालो.

"वास खाली अन् हा चालला वर," माय म्हणाली. गवंडी हसला. त्याचा चहा संपला होता.

गच्चीवर गेलो आणि पाइपाकडे पाहतच राहिलो. परसाकडच्या कठड्यालगत पुरुषभर उंच उभा असलेला माझा व्हेंट. त्याला हळदीकुंकवाची बोटं. मध्यावर स्वस्तिक. सुतळीत अडकलेली कडुनिंबाची सुकी डहाळी. माझी जाळी कठड्याच्या कोपऱ्यात पडलेली. आणि पाइपाच्या तोंडात, वर टेंगूळ येईल असा, कापडाचा गच्च बोळा.

पाडव्याची गुढी माझ्या व्हेंटवर उभारली होती.

मला हसू फुटलं, आणि लगेच घामही फुटला. कारण हे काम कोणाचं असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता. गवंडी बसलेला, जाऊ कान देऊन उभी, शेजारच्या दोघी कुंपणाशी. अशा वेळी अंगणात उभं राहून "माय, वास तुझ्या गुढीनं आला" म्हणायचं? ओटा राहिला बाजूला, आधी माझंच कपाळ फुटलं असतं.

मी वरूनच हाक मारली, "माय, जरा एकटीच वर ये."

ती आली. गुडघे ठणठणीत होते तिचे. मी बोळ्याकडे बोट केलं.

"हे तं माह्या जुन्या लुगड्याचं," ती म्हणाली. "तांब्या डुगडुगत होता. म्हून ठासलं. गावात एवढी उंच काठी कोनाची नाई. पार वेशीवरून दिसली गुढी." बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे रोखून पाहिलं. "गुढीनं वास आला, म्हनतं का रे?"

"नाही, माय. गुढी तू दिवस मावळता उतरवली. तांब्या घेतला, साडी घेतली. बोळा राह्यला."

"मंग? बोळ्यानं काय होते?"

"रॉकेलच्या डब्याले तू किती भोकं पाडतं?"

"दोन."

"एक काऊन नाई?"

"एकानं तेल गचके देते ना बे. दुसऱ्यातून हवा..." ती मध्येच थांबली. पाइपाकडे पाहिलं, मग खाली परसाकडे. "हे दुसरं भोक हाय?"

"हो, माय."

तिनंच हात वर करून बोळा उपसला. आत चांगला हातभर कापड होतं. मग कठड्यावरून खाली ओरडली, "सिंधू! बालदी ओत गं!"

खाली पाणी पडलं. आम्ही दोघंही कान देऊन उभे. गुडगुड नाही. पाणी सरळ गेलं. मी धावत खाली उतरलो, चकती सोडली, आणि ट्रॅपमधलं पाणी भसकन माझ्या बाहीवर आलं. इतक्या घाण पाण्यानं इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. वहिनी ओट्याला धरून उभी होती. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

माय सावकाश खाली आली. लुगड्याचा बोळा पदराखाली होता. गवंड्याला म्हणाली, "तू बसून काऊन राह्यला? जाय घरी. पाइपात अडकलं होतं काही तरी." मग माझ्याकडे वळली, "अन् तू! हे भोकाचं आधी काऊन नाई सांगतलं?"

"भाऊंना सांगितलं होतं."

"गुढी काय तो उभारते?"

मी ओली बाही पिळली आणि हत्यारं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी वास पार गेला. पुढच्या पाडव्याआधी मायचा निरोप आला. तिला त्या पाइपाला बाहेरून दोन कड्या हव्या होत्या, गुढीची काठी अडकवायला, वर तोंड मोकळं राहील अशी. मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. ज्या सिंकला तिनं कधी हात लावला नव्हता, त्यात ती गुढीचा तांब्या चिंचेनं घासत होती. वहिनी शेजारी कणीक मळत होती. मी कड्या घेऊन थेट गच्चीवर गेलो. 

त्यानंतर जन्मभर जिथे जिथे व्हेंट लावला, तिथे घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला गच्चीवर नेऊन तो दाखवला आणि रॉकेलच्या डब्याची गोष्ट सांगितली. पाइप कशासाठी आहे हे घरच्यांना सांगितलं नाही, तर ते त्याला आपल्या मनानं काम शोधून देतात.