पंख्याखालच्या बाई

त्या बाई आमच्या कलादालनात कलेसाठी यायच्या नाहीत, पंख्यासाठी यायच्या. पाटणबोरीतल्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात आम्ही काही मित्रांनी गावासाठी हे दालन काढलं होतं, सीमेवरचं जगणं चित्रांतून मांडायला. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. तिकडच्या गाडीची वाट बघत बाई पंख्याखाली ठाण मांडायच्या, तंबाखू मळायच्या आणि माझ्या चित्रांकडे पाठ करून डोळे मिटायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही.

माझ्या नव्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी मी दालनाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रांगोळीच्या ठिपक्यांची रेघ काढली. नकाशात असते तशी, राज्याची हद्द. चहा पिऊन परतलो तर बाई ओणव्या! आजूबाजूला नवे ठिपके टाकून, ते जोडून, त्यांनी हद्दीवर फुलंच फुलं काढली होती.

"अहो मावशी, हे काय केलंत?"

"ठिपके टाकून तसेच सोडते का कोनी, भाऊ? पाहुणे येऊन राह्यले न!"

"ती सीमा होती. इकडे महाराष्ट्र, तिकडे तेलंगणा."

"माही पोरगी तिकडे देल्ली, सून तिकडून आणली. मंग फूल काय अर्धच काढू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारातून त्या माझ्यावरच डाफरल्या, "कोनाचा पाय नाही पडला पायजे त्याच्यावर!"

पाहुणे आले. माझी रेघ त्यांनी बेधडक तुडवली असती. फुलांवर पाय द्यायला मात्र एकही जण धजेना, आणि पलीकडच्या भिंतीवरची माझी सगळी चित्रं तेलंगणातच राहिली.