आठच्या खाली नाही

विश्राम माझा सख्खा चुलतभाऊ. त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलण्याचा मला जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी आज पुरेपूर वापरणार आहे. बाहेरच्यांना तो ‘विश्राम सर’. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात जा, ‘आधी आनंद, मग यश’वाले विश्राम सर म्हटलं की लोक हात जोडतात. मी त्याला विशू म्हणते. चारचौघांत तर मुद्दाम म्हणते.

हा विशू लहानपणी खरंच आनंदी होता, एवढं मात्र कबूल करायला हवं. तलावपाळीवर कैरी खाता खाता त्याला काहीतरी फालतू आठवायचं आणि उचकी लागेपर्यंत तो हसायचा. का हसतोस विचारलं तर सांगता यायचं नाही. पुढे रंगाच्या एका कंपनीत विक्री खात्यात लागला. तिथे कोणीतरी त्याला शिकवलं की हसऱ्या माणसाकडून दुकानदार दोन डबे जास्त घेतो. तेव्हापासून आपण का हसतो हे विशूला नेमकं ठाऊक असतं. त्या हसण्यावर बढत्या आल्या, पाचपाखाडीत फ्लॅट आला, गाडी आली. पंचावन्नाव्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि तेच हसू हॉल भाड्याने घेऊन विकायला काढलं.

त्याचं म्हणणं असं, की यशाने सुख मिळतं हा जगाचा गैरसमज आहे, उलट सुखी माणसालाच यश मिळतं. ऐकायला बरं वाटतं. खरंही असेल, मला काय ठाऊक, मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पण विशूच्या टाळक्यात त्यातलं एवढंच शिरलं की यश हवं तर घरातल्या प्रत्येकाने आनंदी दिसलंच पाहिजे. धंदा करायचा तर दुकानाचं शटर उघडं हवं, तसं. आत माल आहे की नाही, हे त्याने कधी बघितलं नाही.

त्याच्या घरी रात्री जेवायला बसलं की प्रत्येकाने आपल्या दिवसभराच्या आनंदाला दहापैकी गुण द्यायचे. नियम एकच, आठच्या खाली जायचं नाही. क्षिप्रा, त्याची मुलगी, सीएला नापास झाली त्या रात्रीही बिचारी ताटाकडे बघत ‘आठ’ म्हणाली होती. नंतर मिळेल ती पहिली नोकरी धरून ती बंगळूरला पळाली. मी एकदा त्यांच्याकडे जेवताना ‘तीन’ म्हटलं. माझे गुडघे ठणकत होते. विशूने हातातला घास हातातच ठेवून मला निगेटिव्हिटीवर व्याख्यान दिलं. आमटी गार झाली. म्हटलं, आता दोन.

त्याची बायको उत्तरा मात्र कधी वाद घालायची नाही. कल्याणची, पारनाक्यावर तिचं माहेर. कार्यक्रमाचं बुकिंग तिच्या मोबाइलवर, कारण बाईमाणसाचा आवाज विश्वासाचा वाटतो असं विशूचं मत. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ‘सुखी सहजीवन’ नावाचा प्रकार असतो. स्टेजवर सोफा मांडतात, त्यावर विशू तिचा हात हातात घेऊन बसतो आणि बोलतो. ती हसते. तिला एवढंच काम.

आणि अशात उत्तराची आई गेली.

गुरुवारी पहाटे गेली. रविवारी डोंबिवलीत विशूचा शंभरावा कार्यक्रम होता. स्वतःच्या वडिलांचं श्राद्ध ‘भूतकाळात अडकायचं नसतं’ म्हणून टाळणारा हा गृहस्थ, पण शनिवारी संध्याकाळी त्याला एकाएकी धर्मशास्त्र आठवलं. उत्तराला माहेराहून घरी आणलं आणि माझ्यासमोर बोटं मोजत म्हणाला, “लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. उद्या तू मोकळी.”

“विशू, लाज वाटते का थोडी?” मी म्हटलं.

“ताई, शंभरावा आहे. लोक आम्हा दोघांकडे बघून येतात. एकटाच सोफ्यावर बसून सहजीवन काय सांगू?”

“दादाला कळलं तर काय म्हणेल?” उत्तरा हळूच म्हणाली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सीताराम. आई गेल्यावर माहेर म्हणून तेवढाच उरलेला.

“त्याला कोण सांगायला जातंय?”

तो फोनवर बोलायला आत गेला, तशी ती मला म्हणाली, “ताई, मला काही नको. तेराव्यापर्यंत कोणी मला हस म्हणू नये, एवढंच हवंय.” मी विशूशी भांडले, कडाकडा भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी ती पैठणी नेसून गाडीत बसली आणि तिला एकटं सोडायचं नाही म्हणून मीही बसले.

डोंबिवलीकरांनी हॉल भरून टाकला होता. सोफा मांडला गेला. विशूने सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण आठवायला सांगितलं. लोकांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. सोफ्यावर उत्तरानेही मिटले. नंतर तिने मला सांगितलं की तिला पारनाक्याचं स्वयंपाकघर दिसलं. आई बिरड्यासाठी वाल सोलत बसली आहे आणि सोललेला एकेक वाल तिच्या चिमुकल्या तळहातावर ठेवते आहे.

ती रडायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग हुंदका फुटला. चार दिवस दाबून ठेवलेलं रडं माइकवरून साऱ्या हॉलला ऐकू गेलं. मी खुर्चीतून उठले. विशूचा चेहरा क्षणभर कोरा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मला वाटलं, आता तरी हा माणूस तिला उठवून घरी नेईल. पण त्याच्यातला विक्रेता जागा झाला.

“बघा!” तो माइकमध्ये म्हणाला. “याला म्हणतात आनंदाश्रू!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. विशूने तिच्या खांद्यावर हात टाकला, स्वतःचेही डोळे पुसले, आणि फोटो नीट यावा म्हणून मान किंचित वळवली. माझं हे रक्ताचं नातं आहे, याची मला त्या वेळी किळस आली.

त्याच रात्री तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. आठवड्याभरात खोपटला एसटी डेपोजवळ भलामोठा बॅनर लागला. त्यावर उत्तराचा रडवेला चेहरा, खाली ‘असे अश्रू तुमच्याही डोळ्यांत येवोत!’ आणि त्याखाली बुकिंगसाठी नंबर. नंबर अर्थात तिचाच.

तेराव्याला आम्ही कल्याणला गेलो. सीताराम दारातच उभा होता. बहिणीला त्याने ‘ये’ म्हटलं नाही. “आलात का?” म्हणाला. उत्तराचा पाय उंबऱ्यावरच अडखळला. “व्हिडिओ बघितला. आई जाऊन चौथ्या दिवशी तुम्हाला एवढा आनंद झालेला बघून आम्हालाही बरं वाटलं.”

ती काही सांगणार, तेवढ्यात विशूच पुढे होऊन म्हणाला, “दादा, आईंना हसरे चेहरे आवडायचे.” सीताराम पाठ फिरवून आत गेला.

पंगत बसली. सगळे खाली मान घालून जेवत होते. असली शांतता विशूला सोसत नाही, त्याला ती धंद्याला खोट वाटते. दुसरं वाढप झालं तसा तो घसा खाकरून म्हणाला, “आज आईंसाठी आपण सगळ्यांनी पॉझिटिव्ह राहायचं. चला, एकेकाने आजचा आकडा सांगा बघू. उत्तरा, तू सुरुवात कर.”

“शून्य,” उत्तरा म्हणाली.

विशू हसला. “अगं, आठच्या खाली…”

“शून्य. त्या दिवशीही शून्यच होतं.” ती नवऱ्याशी बोलतच नव्हती, भावाकडे बघत होती. “मी आईसाठी रडत होते, दादा. ह्यांनी त्यावर टाळ्या घेतल्या.”

सीतारामच्या हातात घारग्यांचं ताट होतं. ते तिथेच जमिनीवर ठेवून तो तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि “उत्तरे, मला काय माहीत गं,” म्हणून लहान पोरासारखा रडू लागला. दोघं भावंडं पंगतीत बसून मनसोक्त रडली. विशू हसरा चेहरा घेऊन इकडेतिकडे बघत राहिला, पण तो चेहरा घ्यायला तिथे एकही गिऱ्हाईक नव्हतं.

आईचं महिन्याचं श्राद्ध होईपर्यंत उत्तरा माहेरीच राहिली, मग परत आली. आमच्यात बायका घर सोडत नाहीत, बोलणं सोडतात. सोफ्यावर बसायला तिने साफ नकार दिला. विशू लोकांना सांगतो की मॅडमची मौन साधना चालू आहे, आणि लोक त्यालाही हात जोडतात. त्या बॅनरमुळे त्याचे कार्यक्रम दुप्पट झाले. आता तो टिटवाळ्यालाही जातो. म्हणजे यश मिळालंच की, त्याचं म्हणणं खरं ठरलं.

परवा मी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी परातीत कोमट पाणी घेऊन वाल सोलत होतो. आत विशूचा उद्याच्या भाषणाचा सराव चालला होता, मधूनमधून हसण्याचाही. तेवढ्यात उत्तराचा फोन वाजला. हात ओले म्हणून तिने स्पीकर लावला.

“मॅडम, खोपटचा बॅनर बघून फोन करतोय,” कोणी गृहस्थ बोलत होते. “आमची बायको फार गप्प गप्प असते हो. तिच्याही डोळ्यांत असं पाणी यावं असं वाटतं. त्यासाठी काय करावं लागतं?”

“काही नाही,” उत्तरा म्हणाली. “आई जावी लागते.”

फोन बंद करून तिने पुढचा वाल सोलायला घेतला.