मास्तरांची जागा

गोष्टी सांगणारी माणसं रोज एकत्र बसायला लागली की त्यांच्या स्वतःच्याच गोष्टी व्हायला लागतात! आमच्या इतक्या साठल्यात की कुठली सांगितली अन् कुठली राहिली, आठवत नाही. काही मी मुद्दामच सांगत नाही. पण आज विचारलंतच, तर ऐका.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत भीममास्तरांचं घर आहे. रविवारी दुपारी त्यांच्या तिन्नैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, आम्ही चौघं जमतो. मास्तर कॉलेजात साहित्य शिकवून रिटायर झालेले. वेणूचं झेरॉक्सचं दुकान. गोदाअक्का वीणा शिकवते. मी इन्शुरन्स ऑफिसात. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण देवनागरी वाचता येते एकट्या मास्तरांना. म्हणून आमच्याकडे गोष्ट लिहायची नाही, तोंडानं सांगायची. मास्तर खांबाला टेकून बसतात आणि टेक्निक शिकवतात.

तो खांब त्यांचा. एकदा ओट्यावर साप निघाला. आम्ही अस्के, म्हणजे सगळ्यांनीच, रस्त्यात उड्या मारल्या, मास्तर हलले नैत! म्हणाले, "त्याला जायचं असेल तर तो जाईल."

गोदाअक्काचं सांगायला हवं. तिचा मुलगा मोहन दोन वर्षांपूर्वी तिरुवैयारूला कावेरीत पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. खूप शोधलं, काही सापडलं नाही. नातेवाईक म्हणतात, क्रियाकर्म उरकून टाक. ती म्हणते, "कोणाचं उरकू? मला दाखवा तरी!" आमच्यात ती नुसती ऐकत बसायची.

*

मास्तरांनी एकदा पूर्वसूचना शिकवली. पुढं जे घडणार, त्याची चाहूल आधी हळूच द्यायची. वेणूनं लगेच गोष्ट रचली. सुरुवातीलाच नायकाच्या स्कूटरचा ब्रेक कुरकुरतो. "पुढं काय होतं?" मी विचारलं. "ते पुढच्या रविवारी," वेणू ऐटीत म्हणाला.

सोमवारी वेणूच्याच स्कूटरचा ब्रेक गेला आणि तो मार्केटात वांग्यांच्या ढिगात शिरला! हाताला प्लॅस्टर घालून आला तेव्हा मास्तर म्हणाले, "अरे, पूर्वसूचना वाचकाला द्यायची असते, स्कूटरला नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसलो, खरं सांगतो.

*

मग निर्जीव वस्तूला जिवंत करण्याचं टेक्निक आलं. मी आमच्या परसातला वाटणाचा दगड घेतला, खळग्यात गोल बत्ता फिरतो तसला. मिक्सी आल्यापासून त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो रुसतो आणि भर दुपारी स्वतःच गरगर फिरतो. मास्तरांनी मान डोलावली. मी खूश!

मंगळवारी ऑफिसातून आलो तर बायको दारातच. "दुपारी परसात कोण वाटत होतं?"

"कोण वाटणार? काहीतरीच!"

तिनं मला मागं नेलं. दगड ओला होता. पाऊस नव्हता, दहा वर्षं कोणी त्यात पाणी घातलेलं नाही, अन् खळग्यात हात घातला तर बोटं भिजली. मी हात झटकन मागं घेतला. बायकोला मात्र रागच आला. "फिरवायचाच होता तर डोशाचं पीठ तरी वाटून घ्यायचं!"

त्यानंतर मी निर्जीव वस्तूंच्या वाटेला गेलो नाही. आता फक्त माणसांच्या गोष्टी सांगतो, त्याही दूरच्या गावातल्या.

*

मग मास्तरांनी 'तू' शिकवलं. 'तो गेला' असं नाही म्हणायचं, 'तू जातोस' म्हणायचं. माणूस समोर येऊन उभा राहतो.

गोदाअक्का पहिल्यांदा बोलली. "मी सांगू?"

त्या रविवारी तिनं मोहनला घाटाच्या पायरीवर बसवलं. "तू केस पुसतोस. तुला भूक लागलीय." एवढंच. पुढच्या रविवारी तो तंजावरच्या बसमध्ये चढला. मग बसस्टँडवर उतरला. दर आठवड्याला ती त्याला थोडं जवळ आणायची. वेणू प्लॅस्टरवर हात ठेवून माझ्याकडे बघायचा. मीही घाबरलो होतो. पण आईला 'थांब' कोण म्हणणार?

*

त्याच सुमारास पुण्याहून एक बाई आमचं बोलणं ऐकायला आल्या. "किती जुनं मराठी हो तुमचं!"

"मराठी जुनं नै बाई, आम्ही जुने," वेणू म्हणाला.

बाईंची पाठ दुखत होती, त्यांनी खांबाची जागा मागितली. मास्तर म्हणाले, "पायरीपण चांगली आहे." झालं, बसल्या बिचाऱ्या पायरीवर!

निघताना त्यांनी बाकरवडीची पाकिटं काढली. मास्तरांना, वेणूला, मला, अक्काला. एक हातात उरलं. ते घेऊन त्या अक्काच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. "अगंबाई, तो मुलगा गेला वाटतं?"

गोदाअक्कानं हात पुढं केला. "द्या माझ्याकडे. मी देते त्याला."

*

गेल्या रविवारी अक्कानं सुरू केलं. "तू गल्लीत वळतोस."

मास्तरांनी हात वर केला. "गोदा, इथं थांब. शेवट उघडा राहू दे. तो छान वाटतो."

"तुम्हाला छान वाटतो, मास्तर. मी दोन वर्षं त्यातच राहते."

मास्तरांनी हात खाली घेतला.

"तू ओट्याची पायरी चढतोस," अक्का म्हणाली. "मी विचारते, इतका उशीर का रे?"

आणि ती थांबली. मास्तरांनीच शिकवलेलं, संवादात दुसऱ्याला बोलायला जागा द्या. ती देत होती.

तिनं मान हलवली. "नै रे, रागवत नै."

पुन्हा थांबली. "जेवलास का?"

काय ऐकलं कुणास ठाऊक, खुदकन हसली. दोन वर्षांत तिला हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. पदरानं डोळे पुसले आणि खांबाकडे वळून म्हणाली, "मास्तर, जरा सरकता का? दमलाय तो. टेकू दे त्याला."

मास्तर सरकले.