टोकावड्याचा इंग्रजीचा वर्ग

कपाट आवरताना सायक्लोस्टाइल केलेला एक जुना कागद हाती आला आणि शाईचा तो तेलकट वास नाकात शिरला. ‘इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका.’ नव्वदच्या दशकात टोकावडे गावात मी रोज संध्याकाळी लहानमोठ्या सगळ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग घ्यायचो, तेव्हा हा कागद वाटायचो. वर्ग कसला, नाटकच! एकेक चूक मी अशी साभिनय करून दाखवायचो, की पोरं हसून हसून बाकांवरून पडायची.

पहिल्या बाकावर काशिनाथ बसायचा. तिशीचा गडी, सिद्धगडाची वाट दाखवून पोट भरणारा. गोऱ्या पाहुण्यांशी तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बिनधास्त गप्पा मारायचा. माझ्या निम्म्या नकला त्याच्याच असत आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

एका रविवारी सकाळी दोन गोरे पाहुणे एसटीतून उतरले आणि वाट विचारत त्याच्याकडे आले. मी शेजारीच चहा पीत, गंमत ऐकायला कान टवकारून उभा. काशिनाथनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पाहुणे जरा थांबले, मग दुसऱ्या वाटाड्याबरोबर गेले.

“अरे, बोलला का नाहीस?”

“आधी चुका म्हायतीच नव्हत्या, सर,” तो ओशाळून म्हणाला. “आता बोलाया गेलो का तुमीच दिसता.”

मी खो खो हसलो. त्याच संध्याकाळी वर्गात मी त्या उघडून मिटलेल्या तोंडाचीही नक्कल केली. छप्पर उडेल असा हशा झाला. त्यातलं आज मला एकच हसू आठवतं. काशिनाथचं. ओठ घट्ट मिटून तो हसत होता.